कंबर मोजा, पण नीट मोजा : असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
आणि असंसर्गजन्य आजार कार्यक्रमाचे सर्व जिल्हा अधिकारी

विषय : वजन वाढलेल्या महिलांची तपासणी – बीएमआयचे तक्ते, कंबरेचे माप आणि लिपिडचे (रक्तातल्या चरबीचे) अहवाल

महोदय / महोदया,

दीडशे सेंटिमीटर उंचीची, ५४ किलो वजनाची चाळिशीतली बाई आरोग्य केंद्रातल्या काट्यावर उभी राहिली की तिचा बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २४ भरतो. भिंतीवरच्या जुन्या तक्त्यात २५ पर्यंतची पट्टी हिरवी असते. बाई 'नॉर्मल' ठरते आणि पुढची हाक दिली जाते. हीच बाई न्यू जर्सीतल्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिथल्या डॉक्टरांकडे पोचली, तर तिची मधुमेहाची तपासणी करावी का हा विचार २३ पासूनच सुरू होतो. अमेरिकन डायबिटिस असोसिएशनने आशियाई वंशाच्या लोकांसाठी २०१५ पासून तशी शिफारस केली आहे. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनेही २०१३ साली दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडे सांगितले. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी तर त्याआधीच, २००९ मध्ये, २३ ला जास्त वजन आणि २५ ला स्थूलता अशी रेषा आखली. म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ५१ किलो ७५० ग्रॅमच्या पुढे गेले की ते जास्त, आणि ५६ किलो २५० ग्रॅमला स्थूलता. परदेशात पाळला जाणारा नियम आपल्याच केंद्राच्या भिंतीवर नसावा, याला काय म्हणायचे?

हा फरक कुणाच्या मर्जीतून आलेला नाही. वजन सारखे असले तरी चरबी कुठे साठते आणि शरीर तिचे काय करते, हे निरनिराळ्या वंशांच्या लोकांत वेगवेगळे असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याला हे दिसणे शक्यच नव्हते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात तर हा फरक जन्मापासूनच दिसला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्पटनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सगळ्या मापांत लहान, स्नायूंत फारच कमी, पण पाठीवरच्या कातडीखालच्या चरबीत जेमतेमच मागे. वरून बारीक, आतून चरबीदार अशी ही ठेवण आईच्या पोटातच घडते, आणि मुलगी मोठी झाली की तिच्या रक्ताच्या अहवालात ती उमटते.

कातडीखालची चरबी, त्यातही मांड्या आणि नितंबांवरची, तशी निरुपद्रवी. जेवणातून आलेले स्निग्ध पदार्थ ती शोषून घेते आणि सहजासहजी सोडत नाही. पाळी चालू असताना बायकांना यातून बरेच संरक्षण मिळते. दक्षिण आशियाई लोकांत ही साठवणीची जागा लवकर भरते, अशी एक पटणारी मांडणी आहे. कोठार भरले की उरलेले धान्य ओसरीवर येते, तशी चरबी पोटातल्या अवयवांभोवती, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. पोटातल्या चरबीतून सुटलेली मेदाम्ले (फॅटी ॲसिड) थेट यकृताच्या रक्तवाहिनीत उतरतात. इन्शुलिनला दाद न देणारे यकृत मग साखरही जास्त सोडते आणि ट्रायग्लिसराइड या चरबीने भरलेले कणही जास्त तयार करून रक्तात पाठवते. रक्तात या कणांची एचडीएलशी, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलशी, देवाणघेवाण होते, एचडीएल घटते आणि एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण बारीक व घट्ट होतात. म्हणून आपल्याकडच्या बायकांच्या अहवालात बरेचदा एकच चित्र दिसते : कोलेस्टेरॉल ठीकठाक, ट्रायग्लिसराइड १९० आणि एचडीएल ३८. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिशीला थांबते, पाश्चात्त्य बायकांच्या चार-पाच वर्षे आधी. त्यामुळे मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकण्याचा काळही आपल्याकडे लवकर येतो.

सगळ्या गौरेतर स्त्रियांना हेच लागू पडते असे मात्र समजू नये. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे उदाहरण नेमके उलटे आहे. गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत बीएमआय सारखा असताना त्यांच्या पोटात आतली चरबी कमी सापडते, ट्रायग्लिसराइडही कमी असते. पण त्यांचे स्नायू मेदाम्ले कमी जाळतात, असे नॉर्थ कॅरोलिनातल्या स्थूल स्त्रियांच्या स्नायूंचे तुकडे तपासून दिसले आहे, आणि इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी नाही. म्हणजे ट्रायग्लिसराइड पाहून धोका ओळखायचा नियम आपल्या बायकांना बरा चालतो, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांना फसवतो. इंग्लंडमधल्या सुमारे पंधरा लाख लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये असे दिसले की गोऱ्या व्यक्तीला बीएमआय ३० ला मधुमेहाचा जितका धोका, तितका कृष्णवर्णीयांना २८.१ ला, चिनी वंशाच्यांना २६.९ ला आणि दक्षिण आशियाईंना २३.९ ला. दुसऱ्यांचा आकडा आपल्या भिंतीवर लावू नये यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. (पायाखालून वीज सोडून 'व्हिसरल फॅट लेव्हल ९' असे छापून देणारे काटे शिबिरांत मांडले जातात, त्यांवरही फार विसंबू नये. ते आतली चरबी मोजत नाहीत, सूत्रावरून अंदाज बांधतात, आणि ते सूत्र कुणाच्या शरीरांवरून बेतले हे काट्यावर लिहिलेले नसते. बाई पाणी कमी प्यायलेली असली तरी आकडा बदलतो.)

आता मुख्य मुद्दा, कंबर. वयाच्या तिशीपुढच्या प्रत्येकीचा सीबॅक फॉर्म, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचा धोका गुणांत मोजणारा फॉर्म, आशाताई भरतात. त्यात महिलांच्या कंबरेला ८० सेंटिमीटरपर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक आणि ९० च्या वर दोन गुण आहेत. हा भाग उत्तम आहे. त्यातले आकडे आपल्या लोकांसाठीचेच आहेत. घोळ होतो तो टेप धरण्यात.

माप घ्यायची जागा म्हणजे परकराची नाडी बांधतात ती नव्हे, आणि बेंबीही नव्हे. बाईने पाय जवळ घेऊन सरळ उभे राहावे, हात बाजूला सोडावेत. बरगडीच्या बाजूने बोट खाली आणत शेवटची बरगडी चाचपावी, तिथे बॉलपेनने खूण करावी. मग खुब्याच्या वरच्या हाडाची कड चाचपून तिथे दुसरी खूण करावी. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप यायला हवी. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण न रुतलेली. बाईला नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगून तो सोडून झाला की आकडा वाचावा. दोनदा मोजावे, दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

साडी नेसलेल्या बाईची ही जागा पुष्कळदा ब्लाउज आणि परकर यांच्या मधल्या उघड्या भागातच येते. नाडी सैल करून परकर दोन बोटे खाली सरकवला की काम होते. साडी सोडावी लागत नाही. पण घाईत टेप निऱ्यांवरून फिरवली जाते. खोचलेल्या निऱ्यांचा गठ्ठा आणि पदराचा थर मिळून माप काही सेंटिमीटरने सहज फुगते. नऊवारीत त्याहून जास्त. याच्या उलट चूकही तितकीच होते. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधलेल्या नाडीचा कंबरेवर वळ पडलेला असतो, त्या खाचेत टेप बरोबर बसते आणि माप कमी भरते, कारण चरबी खाचेच्या वर आणि खाली सुटलेली असते. मागच्या बाजूला टेप पाठीवर चढलेली असते ते समोरून कळत नाही. म्हणून एकीने टेप धरावी आणि दुसरीने मागून पाहावे. सलवार-कमीज असेल तर कुर्त्याच्या आतून मोजावे. कित्येक बायका टेप दिसताच पोट आत ओढतात. त्यांना बोलण्यात गुंतवावे आणि बोलणे थांबले की वाचावे.

शिंप्याची कापडी टेप वापरू नये; ती वर्षभरात ताणते. फायबरग्लासची न ताणणारी टेप घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी स्टीलच्या फूटपट्टीशी ताडून पाहावी. शून्याच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघालेली असेल तर टेप बाद करावी. बाद टेप दहा सेंटिमीटरपासून धरून वजाबाकी करण्याचा प्रकार चालतो, आणि वजाबाकी विसरली जाते. मोजणारी व्यक्ती बाई असावी, आणि मोजायला आडोसा हवा. अंगणवाडीच्या दारात, चार पुरुष उभे असताना कुणी नाडी सैल करणार नाही. मग आशाताई नाइलाजाने अंदाजे 'ऐंशी' लिहितात. फॉर्ममध्ये ८० या आकड्याचा ढीग दिसला की समजावे, टेप पिशवीतून निघालीच नव्हती. जिल्हा पातळीवर संगणकात ही तपासणी पाच मिनिटांची आहे : एखाद्या उपकेंद्राच्या नोंदींत ८०, ८५ आणि ९० हेच आकडे फार असतील तर तिथे पुन्हा प्रशिक्षण द्यावे.

चुकीच्या मापाने काय बिघडते, ते गुणांवरून कळते. ३८ वर्षांची बाई, वयाचा १ गुण. कंबर खरोखर ८४, १ गुण. आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम नाही, १ गुण. आईला मधुमेह, २ गुण. एकूण ५. चारच्या वर गेली म्हणजे तिला असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी दिवशी अग्रक्रमाने यायला सांगायचे. कंबर ८० लिहिली की बेरीज ४ होते आणि ती रांगेत मागे जाते. तपासणी तिचीही व्हायचीच असते हे खरे, पण अग्रक्रम गेला की ती वर्षभर लांबते, हे आपणही जाणता.

त्याच फॉर्ममधला तंबाखूचा प्रश्न. गुटखा, खैनी, बिडी असे विचारले की बाई 'नाही' म्हणते, आणि रोज सकाळी मिश्री लावते. तिच्या लेखी ते दात घासणे असते. मिश्रीचे नाव घेऊन विचारले तर दोन गुण वाढतात. आणि व्यायामाच्या प्रश्नाला 'दिवसभर कामातच असते' हे उत्तर आले तर थेट हो किंवा नाही लिहू नये. धाप लागेल असे काम सलग किती वेळ, ते विचारावे. भांडी घासण्याने पाठ दुखते, धाप लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, पहिल्यांदाच कंबर आणि नितंब मोजले गेले. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या २४ टक्के निघाल्या, आणि कंबर-नितंब गुणोत्तर ०.८५ किंवा जास्त असलेल्या सुमारे ५७ टक्के. दुसऱ्या आकड्याकडे जरा सावधपणे पाहावे, कारण नितंब मुळातच बारीक असले तरी गुणोत्तर वाढते. पण नितंब बारीक म्हणजे चरबी साठवायची सुरक्षित जागा कमी, हेही त्यातच आले. आम्हाला रोजच्या कामासाठी गुणोत्तरापेक्षा नुसती कंबर बरी वाटते : एकच माप, एकच चूक.

जिथे लिपिडची तपासणी होते तिथे अहवाल वाचण्याची पद्धत बदलायला हवी. प्रयोगशाळेचा छापील अहवाल एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असले की ठळक अक्षरे वापरत नाही, आणि बाईला 'सगळे ठीक' सांगितले जाते. महिलांसाठी पाहायच्या पाच गोष्टी : कंबर ८० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. यांतल्या तीन असल्या की चयापचयाचा बिघाड धरावा. बरेच अहवाल एचडीएलची खालची मर्यादा सरसकट ४० छापतात. ती पुरुषांची आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की उरलेला आकडा औषधाच्या निर्णयाला एलडीएलपेक्षा जास्त भरवशाचा, विशेषतः ट्रायग्लिसराइड चढलेले असताना. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर सूत्राने काढलेले एलडीएल धरूच नये.

उपाशीपोटी आलेल्या बाईला 'काही खाल्ले का?' एवढे विचारून भागत नाही. सकाळचा साखरेचा दुधाचा चहा हा खाण्यात धरला जात नाही. चहाचे नाव घेऊन विचारावे. चहा झालेला असेल तर तिला परत पाठवू नये. रक्त घ्यावे, अहवालावर तशी नोंद करावी आणि ट्रायग्लिसराइडसाठी १५० ऐवजी १७५ ची रेषा लावावी. चढलेल्या ट्रायग्लिसराइडमागे थायरॉइड मंदावणे किंवा माला-एनसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आहेत का, हेही विचारावे. आणखी एक : आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत. लोह कमी असले की एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी चाचणी) खोटे वर जाते. फक्त त्या एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारू नये. उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज देऊन दोन तासांनंतरची साखर तपासावी.

यकृतातल्या चरबीचा कार्यक्रमात २०२१ मध्ये समावेश झाला, हे चांगले झाले. तिथे दोन गैरसमज आड येतात. सोनोग्राफीत चरबी दिसली नाही म्हणजे ती नाही, असे नव्हे. थोडी चरबी सोनोग्राफीला दिसतच नाही. आणि एसजीपीटी (एसजीओटीसारखाच यकृताच्या रक्तचाचणीतला आकडा) ३८ असताना अहवाल 'नॉर्मल' म्हणतो, पण बायकांत २५ च्या वरचा आकडा संशयाने पाहावा. यकृत किती कडक झाले असावे याचा अंदाज देणारे फायब-४ हे गणित मोबाइलवर जमते : वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. वय ४८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट दोन लाख. १९२० भागिले (२०० × ७), म्हणजे १.३७. १.३ च्या वर गेल्यामुळे फायब्रोस्कॅनसाठी (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीसाठी) पाठवायचे. चूक होते ती प्लेटलेटमध्ये : दोन लाख म्हणजे इथे २०० लिहायचे, २ लिहिले की उत्तर शंभरपट येते आणि २,००,००० लिहिले की शून्याजवळ. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ची रेषा धरावी आणि पस्तिशीच्या आत हे गणित वापरू नये.

समुपदेशनात 'तेल-तूप कमी करा' हे एकच वाक्य वर्षानुवर्षे चालले आहे. तेल मोजावेच : बैठे काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम पुरते, म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला साधारण अडीच ते पावणेतीन लिटर. महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर बोलायला जागा आहे. पण ट्रायग्लिसराइड वाढवण्यात पिठूळ पदार्थ आणि साखर यांचा वाटा तेलाइतकाच, पुष्कळदा जास्त असतो; जादा साखरेपासून यकृत स्वतःच चरबी बनवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या आहारातली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे दिसले. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाऊन 'आज काही खाल्ले नाही' असा हिशोब धरला जातो; तोही विचारून घ्यावा. भाताची एक मूद कमी करून वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण वाढवायला सांगितले तर ते जमते. 'कर्बोदके कमी करा' म्हटले तर जमत नाही, कारण तसे कुणी जेवत नाही.

चालण्याचा अर्धा तास हा आपल्या शरीरांसाठी अपुरा आहे. भारतीय तज्ज्ञांची शिफारस रोज साठ मिनिटांची आहे : तीस मिनिटे भरभर चालणे, पंधरा मिनिटे कामातली हालचाल आणि पंधरा मिनिटे स्नायूंना ताण देणारा व्यायाम. शेवटचा भाग सगळीकडे गाळला जातो, आणि आपल्याकडे कमी पडतात ते नेमके स्नायूच. साधन लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, थोडे थांबून पुन्हा, असे तीनदा; भिंतीला हात टेकून ढकलणे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवावी. वजनाचे उद्दिष्टही आवाक्यातले द्यावे. ६४ किलोच्या बाईचे सव्वातीन किलो कमी झाले, म्हणजे पाच टक्के, तरी यकृतातली चरबी आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उतरतात. काटा तसाच राहिला आणि कंबर तीन सेंटिमीटरने उतरली तर तेही यश म्हणून कार्डावर लिहावे. नाहीतर बाई पुढच्या वेळी येत नाही.

आमची मागणी फार खर्चाची नाही. २३ आणि २५ च्या रेषा असलेला मराठी तक्ता प्रत्येक उपकेंद्रात लावावा आणि जुना उतरवावा. प्रत्येक आशाताईला फायबरग्लासची टेप द्यावी आणि बाद झाली की लगेच बदलून मिळावी. सीबॅकच्या मराठी फॉर्ममध्ये मिश्री हा शब्द छापावा. प्रयोगशाळांना महिलांसाठी एचडीएलची मर्यादा ५० छापायला सांगावे. आणि जिथे कंबर मोजली जाते तिथे एक दोरी आणि एक पडदा असावा. यांतली पडद्याची मागणी आम्ही सगळ्यात आधी मान्य व्हावी म्हणतो, कारण तिच्यावाचून बाकीचे आकडे भरवशाचे होणार नाहीत.

आपले,
महिलांच्या चयापचय-विकारांवर काम करणारे वैद्यकीय अधिकारी, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ